एकसष्ट टक्क्यांवरचा दसरा

आमच्या गावात सहदेवकाकांबद्दल एक गोष्ट सांगतात. पावरहाऊसमध्ये कामाला असताना त्यांना अकरा हजार व्होल्टचा शॉक बसला आणि तेव्हापासून त्यांचं डोकं हळू चालतं. सांगणारा प्रत्येकजण त्यात आपल्या घरचं मीठ घालतो. गिरणीवाला वाघ्या म्हणतो, "अकरा नाय रं, बावीस हजार! केस जळाले ना समदे, म्हून तर टोपी घालतो म्हातारा." कोंडीआजीच्या गोष्टीत काका सात दिवस बेशुद्ध असतात, आठव्या दिवशी डोळे उघडतात आणि पहिला शब्द बोलतात: "थांबा."

पुरावाही सगळ्यांकडे तयार असतो. काका दिव्याच्या बटणाकडे हात नेतात आणि मध्येच थांबतात. बटणाकडे बघतात, दिव्याकडे बघतात, खोलीत कोण कोण आहे ते बघतात. मग दाबतात. त्यांना प्रश्न विचारला तर उत्तर यायला इतका वेळ लागतो, की विचारणारा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

तर ही गोष्ट खोटी आहे. मी एकदा सरळ त्यांनाच विचारलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पायातल्या चपलेकडे बघितलं.

"शॉक? मला?"

"हो. बावीस हजारांचा."

"अडोतीस वर्सं होतो मी तिथं. एकदा पण नाय बसला."

"मग तुम्ही असे का?"

"असा हाय, म्हून नाय बसला."

काकांचा जन्म इथलाच, भिवपुरीच्या पावरहाऊसखालच्या गावातला. डोंगरावरून उतरणाऱ्या त्या जाड पाइपांच्या कडेचं गवत कापायचं काम त्यांच्या वडिलांकडे होतं. एकोणिसाव्या वर्षी काका आत लागले. काटे बघायचे आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा, एवढंच काम. पुढे ते ऑपरेटर झाले आणि काट्यांच्या त्या भिंतीसमोर त्यांचे केस पिकले. तिथल्या जुन्या माणसाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की कुठल्याही बटणाला हात लावायच्या आधी मनात तीन गोष्टी विचारायच्या. आत्ता काय चालू आहे? हे दाबलं तर काय बंद पडेल? आत कुणाचा हात तर नाही? हे तीन प्रश्न विचारायला काकांना जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गावाला शॉक दिसतो.

त्यांचं वय एकोणपन्नास असताना भिंतीवरचे काटे गेले आणि कॉम्प्युटर आले. बरोबरच्या दोघांनी दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली. काकांनी साजगावच्या एका भंगारवाल्याकडून मेलेला कॉम्प्युटर उचलला, गोणपाटात घालून एसटीने घरी आणला आणि रोज ड्युटीवरून आले की पडवीत उघडून बसायला लागले. जयवंताकाकी तेव्हाचं आजही नाकातून, शेवटचं अक्षर वर ओढून सांगते, "घरात मयत आणून ठिवलंनी बायेऽ! रोज उघडून बघायचा नि परत झाकायचाऽ!" चार महिन्यांनी मयत बोलायला लागलं. तेव्हापासून आसपासच्या गावांतले बिघडलेले कॉम्प्युटर काकांकडे येतात. म्हणजे आधी कर्जतच्या दुकानात जातात, कारण तिथे लवकर होतं. तिथे झालं नाही की काकांकडे.

आमच्यावर ती वेळ गेल्या दसऱ्याला आली.

आमच्या घरात कॉम्प्युटर आहे तो सुप्रियावहिनीचा. कारखान्यांना लागणाऱ्या साच्यांचे आराखडे ती घरी बसून करते. साजगावच्या नवनाथशेठने नवं मशीन घेतलं होतं आणि त्यावर दसऱ्याच्या मुहूर्ताला पहिलं काम चढवायचं ठरवलं होतं. ते काम वहिनीचं होतं: औषधाच्या बाटलीच्या बुचाचा साचा. मशीनने कुठे, किती खोल कापायचं हे सांगणारी फाईल तिने अठरा दिवस खपून केली होती. शेठचं बोलणं साफ होतं. आवाज म्हणाल तर रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. "मॅडम, पावणेबारापर्यंत मेल आली पायजे. बारा पाचचा मुहूर्त. नाय आली तर खोपोलीवाल्याची फाईल रेडी हाय. नि एक सांगतो, पयलं काम ज्याचं, वरसभर मशीन त्याचंच."

वर्षभराचं काम! आई हे ऐकून बदललीच. आधी म्हणायची, "खोक्यासमोर बसून कुटं पगार मिळतो का गं?" आता भजनी मंडळात सांगायची, "आमची सुप्रिया नं, साचंऽ काढते. कारखाने थांबलेत तिच्यासाठी."

आता त्या सकाळी काय घडलं ते सांगते. दोघींनी मिळून घडवलं, आणि दोघींच्याही मनात वाईट असं काही नव्हतं.

गेला महिनाभर कॉम्प्युटर रोज सांगत होता, की विंडोज दहाचे दिवस भरले, अकरा घ्या. वहिनी रोज 'नंतर' दाबायची. दसऱ्याला पहाटे उठली, तेव्हा स्क्रीनवर तोच प्रश्न. तिने विचार केला, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, पंचांगसुद्धा बघायला नको, नवं काही चालू करायचं तर आजच. दाबलं 'हो'. अंघोळ, पूजा होईपर्यंत नवी सिस्टीम बसेल, मग फाईल पेनड्राइव्हवर घेऊ आणि शुभ वेळेला मेल करू. निघताना तिने स्क्रीन बंद केला नाही, नुसती अंघोळीला गेली.

इकडे आईने पूजा मांडली. विळा, कोयती, दादाचे पाने, माझं दहावीचं कंपासपेटीतलं कर्कटक. दादा फर्स्ट शिफ्टला गेलेला, त्यामुळे सगळं तिच्या एकटीवर. आणि मग तिची नजर कॉम्प्युटरवर गेली. घरातलं सगळ्यात कमावतं अवजार ते, त्याची पूजा नको?

वहिनी केस पुसत बाहेर आली तेव्हा कॉम्प्युटर नवरदेवासारखा सजला होता. डब्याला झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकवाचे पाच टिळे, वर अक्षता, आपट्याचं पान. पेनड्राइव्हलासुद्धा कुंकू. आणि स्क्रीन काळा.

"आई... हा बंद कसा झाला?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लाईट गेलीवती वाटतं."

वहिनीने बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर गोल गोल ठिपके आले आणि फट्कन सगळं गेलं. मग आपोआप चालू झाला. परत ठिपके, परत फट्. असं चार वेळा. पाचव्यांदा दाबायला गेलेलं बोट वहिनीने मागे घेतलं. नऊला वीस कमी होते. कर्जतमधल्या दोन दुकानांना फोन लावले. एकाचा बंद. दुसरीकडे झहीरभाई, मोबाईलवाले. ते म्हणाले, "अरे सुप्रियाताई, मेरा कारागीर तो गाव गया, आज तो सुट्टी है ना, गांधी जयंती भी, दशहरा भी! कल सुबह पक्का."

"श्रद्धा," वहिनी मला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की एरवी सगळ्यांच्या नकला करणाऱ्या मला त्याची नक्कल करावीशीही वाटली नाही. "सहदेवकाकांना बोलव. पळ."

मी पळाले. काका पडवीत आपल्या हत्यारांसमोर निरांजन ओवाळत होते. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर काकीने अख्खी चादर आणि तिच्यावर हार घातला होता. मी एका श्वासात सगळं सांगितलं. काकांनी आरती पुरी केली. निरांजन खाली ठेवलं. मग विचारलं, "आता तो चालू हाय का बंद?"

"बंद, काका, चला ना!"

"पिन?"

"काय?"

"पिन भिंतीत हाय का बाहेर?"

मला माहीत नव्हतं. काका पायात चपला घालेपर्यंत माझी दहावी परत झाली असती.

आमच्याकडे आले ते तीन वस्तू घेऊन: स्क्रू-ड्रायव्हर, एक जाडजूड वही, आणि पुठ्ठ्याचा एक पिवळा पडलेला तुकडा, त्याला सुतळी. काकांनी आधी कॉम्प्युटरची पिन भिंतीतून काढली आणि पुठ्ठा पिनेला बांधला. त्यावर लिहिलं होतं: 'माणूस कामावर आहे. बटण लावू नये.' मग पाटावर बसले, वही उघडली, तारीख घातली.

"काय झालं, ते सांगा."

वहिनीने सगळं सांगितलं: अपग्रेड लावलं, अंघोळीला गेली, आली तर बंद. चार वेळा चालू केला, चार वेळा गेला.

"बंद कसा झाला?"

"लाईट गेलीवती," आई म्हणाली. पदराने हात पुसत दारात उभी होती.

काकांचं पेन वहीवर आलं आणि थांबलं. "किती वाजता?"

"सणासुदीचं घड्याळ बघत बसते का मी, सहदेवदादा?"

काकांचं पेन खाली टेकलं नाही. भिंतीवरचं घड्याळ मात्र चालत होतं, टक्, टक्, टक्. नऊ सतरा. माझ्या मनात आलं, मीच ओरडून सांगू का? लाईट गेली नव्हती. पावणेआठला मी मिक्सरवर वेलची वाटत होते. पण आईकडे बघितलं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. ती वहिनीकडे बघत नव्हती. चुलीकडे, देवाकडे, माझ्याकडे, सगळीकडे बघत होती.

नऊ वीस.

"छाया," काका आईला म्हणाले, "ह्या वहीत मी माणसाचं नाव लिवत नाय. कधीच नाय लिवलं. येळ लिवतो नि काय झालं ते लिवतो. आता ऐक. लाईट गेली आसंल तर मी एक करणार. कुनी पिन उपटली आसंल तर दुसरं. पानी गेलं आसंल तर तिसरं. तीनातलं एकच बरोबर. बाकीच्या दोनातलं कायपण केलं, तर हिचे अठरा दिवस गेले."

पंख्याचा आवाज. नऊ बावीस.

"मी काढली पिन," आई म्हणाली.

वहिनीने मान वर केली.

"पुसायला काढली. धूळ बसलीवती गं, तशीच कशी पूजा करायची? ओल्या फडक्यानं पुसला. मग पिन लावली परत, पन तू येस्तवर तो उठला नाय. नि..." तिने पदर तोंडाला लावला. "नि पानी पन शिंपडलं. दूर्वेनं. थोडंच. पुढं तो बारका दिवा हाय ना, तिथं जरा जास्त पडलं."

मला वाटलं, आता वहिनी काहीतरी बोलणार. बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिने फक्त विचारलं, "आई, पिन काढली तेव्हा टक्के किती होते?"

"एकसष्ट," आई लगेच म्हणाली. "आकडे येतात मला वाचता."

वेळ मी सांगितली, पावणेआठच्या पुढची. काकांनी लिहिलं. मी वाकून बघितलं: '७.४५ ते ७.५५ दरम्यान पुरवठा खंडित, ६१ टक्के. समोरच्या बाजूस पाणी.' आणि मग, आल्यापासून पहिल्यांदा, त्यांच्या बोलण्यात जरा वेग आला. "पानी. बरं झालं सांगितलंस. नायतर मी आता पिन लावून चालूच केला आसता."

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तर आई मध्ये उभी.

"दादा, एक चूक झाली. दुसरी नको. पूजलेलं अवजार उद्यापर्यंत हलवायचं नाय, खोलायचं नाय. माझ्या सासूनं कोयतीला पन हात लावू नाय दिला कधी दसऱ्याला."

वहिनीने घड्याळाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. सासूसमोर सासूच्या सासूचं नाव आलं की सून काय बोलणार?

काका विचार करत बसले. मी मनात म्हटलं, बसा, काका, बसा, पुढच्या दसऱ्यापर्यंत बसा.

"छाया, आमच्याकडं एवढाली चाकं," काकांनी दोन्ही हात पसरले. "दसऱ्याला हार घालायचे त्यांना. फिरत्या मशीनला. वरनं पानी येतंय ते दसरा पाळतं का? त्याला कोन सांगनार, बाबा आज थांब? पन हार मात्र कुनी काढायचा नाय. हार वाळून आपोआप पडेल तेव्हा पडेल."

आईने नवरदेवाकडे बघितलं. "हार काढणार नाय ना?"

"नाय."

"जाग्यावरनं हलवणार नाय?"

"इथंच बसून करतो."

आई बाजूला झाली. काकांनी हार तसाच ठेवून डब्याची बगल उघडली. पोटातल्या कुठल्या तरी पत्र्याला हात टेकवला, मग बॅटरीच्या उजेडात तोंड घालून बघितलं. समोरच्या बटणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचं लाल पाणी साचलं होतं. काकांनी मला दाखवलं.

"हे बघ. बटण आतनं भिजलंय. मशीनला वाटतंय कुनीतरी बटण दाबून धरलंय. म्हून चालू होतं नि मरतं. सिस्टीमचा दोष मागनं बघू. आधी हे."

बटणाकडून येणारी दोन बारीक वायरींची जोडी त्यांनी चिमटीत धरून उपटली. मग आमचा टेबलफॅन मागवला, डब्याच्या उघड्या पोटासमोर लावला आणि मांडी घालून बसले.

"आता?" वहिनी.

"आता वाळू दे. पाऊन तास."

"पाऊण तास! काका, दहा वाजलेत!"

"पानी दिसत नाय म्हंजी पानी नाय, असं नसतं, पोरी."

तो पाऊण तास मी विसरणार नाही. वहिनी येरझाऱ्या घालत होती, ओटा ते कॉम्प्युटर, कॉम्प्युटर ते ओटा. आई पुऱ्या लाटत होती, पण लाटलेली पुरी परत गोळा करून परत लाटत होती. झेंडूचा हार पंख्याच्या वाऱ्यावर झुलत होता. शेठचा फोन आला, पिंपातला आवाज अख्ख्या घराला ऐकू गेला. "मॅडम, पाठवताय ना? खोपोलीवाला बसलाय इथं माझ्यासमोर. चहा पितोय." वहिनी म्हणाली, "पाठवते सर, शेवटचं बघतेय." फोन ठेवल्यावर तिने भिंतीला डोकं टेकलं. काकांनी फक्त वहीत लिहिलं: '१०.२१. फोन.'

पावणेअकराला पंखा बंद झाला. काकांनी आत बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं, गालाला लावलं. मग म्हणाले, "सगळे हात बाहेर." आमचे हात बाहेरच होते, तरी आम्ही तिघींनी ते मागे घेतले. पुठ्ठा सोडला, पिन भिंतीत. बटणाच्या वायरी काढल्या होत्या, तर चालू कसा करणार? काकांनी वायरी जिथे बसत होत्या त्या दोन काड्यांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला.

आम्ही मोजू लागलो. एक, दोन, पाच, दहा. मेला नाही.

"आता अपग्रेड दुरुस्त करायचं?" मी विचारलं.

"नाय. आधी मानूस बाहेर काढायचा. मशीनचं मागनं."

माणूस म्हणजे फाईल. काकांनी खिशातून आपला पेनड्राइव्ह काढला आणि डब्याच्या मागच्या बाजूला लावला, कारण पुढचं भोक कुंकवाने भरलं होतं. त्या पेनड्राइव्हवर एक कामचलाऊ सिस्टीम असते. डब्यातली सिस्टीम झोपलेली राहू देऊन ती बाहेरून कपाटं उघडते. "पावरहाऊसची लाईट गेली तर आमी काय करायचो? डिझेलचं जनरेटर. तसं हे." ती उठायला सात मिनिटं लागली. अकरा वाजून दोन मिनिटांनी वहिनीने स्वतः माउस धरला आणि आपलं कपाट उघडलं.

रिकामं.

डेस्कटॉपवर काही नाही. आराखड्यांचं फोल्डर नाही. वहिनीने दोनदा, तीनदा उघडून बघितलं. मग माउस सोडला आणि खाली बसली, जमिनीवर.

"गेलं," ती म्हणाली.

आई चुलीवरचं तेल तसंच सोडून आली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "सुप्रिया, मी शेठला फोन करते. सांगते त्यांना, माझी चूक हाय. मी सांगते ना गं, माझ्यामुळं झालं!"

"छाया, तेल," काका म्हणाले. आई धावत आत गेली. मग वहिनीला म्हणाले, "पोरी, तू लग्न होऊन इथं आलीस, तेव्हा तुझं सामान कशातनं आलं?"

वहिनी रडत म्हणाली, "टेंपोतून."

"टेंपो वाटेत आसताना कुनी तुझ्या माहेरी गेलं आसतं, तर तिथं कपाट रिकामं. इथं आलं आसतं, तर इथं पन रिकामं. म्हंजी चोरी झाली का?" त्यांनी बोटाने स्क्रीनवर एक फोल्डर दाखवलं. विंडोजचंच नाव होतं त्याचं, पुढे 'जुनं' असं इंग्रजीत लिहिलेलं. "अपग्रेड म्हंजी घर बदलणं. एकसष्ट टक्क्यांवर टेंपो रस्त्यात उभा राह्यला. टेंपो उघड."

वहिनीने उघडलं. आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, मग तिचं नाव. मग डेस्कटॉप. मग 'बुच_शेवटची'.

ती हसली की रडली, ते सांगता येणार नाही. मी मात्र किंचाळले. काकांनी बोट ओठांवर ठेवलं. "अजून बाहेर नाय आली." वहिनीच्या पेनड्राइव्हचं कुंकू पुसून तो मागच्याच दुसऱ्या भोकात लावला आणि फाईल त्यावर घेतली. मग पेनड्राइव्हवरून परत एकदा उघडून तिचं वजन पहिल्या फाईलशी जुळवून बघितलं. मग आणखी एकदा. अकरा तेवीस. वहिनीच्या तोंडून "काका, पुरे!" निघालं तरी त्यांनी वहीत आकडा लिहिलाच. मग पेनड्राइव्ह जोडणीने वहिनीच्या फोनला लागला आणि ती फोन घेऊन गच्चीवर पळाली, कारण आमच्याकडे रेंज गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यातच येते.

आम्ही सगळे वर. आई तेल उतरवून, हातात झारा घेऊन. मेलवरचं गोल चक्र फिरत होतं. अर्धं झालं. थांबलं. परत फिरलं. अकरा एकतीस. अकरा सदतीस. वहिनी हात उंच करून उभी होती, डोंगराकडे फोन दाखवल्यासारखी. अकरा एकेचाळीसला चक्र गेलं.

"गेली!"

आई मटकन टाकीजवळ बसली.

आता फक्त शेठच्या फोनची वाट. बारा वाजले, बारा पाच झाले. मुहूर्त लागला असेल, मशीनवर कुणाचं काम चढलं असेल? वहिनी काही विचारायला फोन लावत नव्हती, भीतीने. बारा दहा. मी काकांच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, "फाईल पाण्यातून आली, टेंपोतून आली, फोनवरून गेली. तिथे उघडणारच नाही. खोपोलीवाल्याचंच चढलं असणार."

काका बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले. "पैज?"

"पैज! मी जिंकले तर आज देवीच्या मिरवणुकीत तुम्ही नाचायचं. बेंजोसमोर."

"नाचतो. नि तू हरलीस, तर आज सोनं वाटायला आख्खी आळी माझ्याबरोबर फिरायची. माझ्या चालीनं. पुढं पळायचं नाय."

मला हसू आलं. काका बेंजोसमोर! मी टाळी दिली.

बारा सोळाला फोन वाजला. वहिनीने स्पीकर लावला. आधी नुसती घरघर आली, लोखंड कापल्याची, मग पिंपातला आवाज, घरघरीच्या वरून ओरडत: "मॅडम! ऐकू येतंय का? तुमचंच हाय हे! पयला कट चाललाय! मस्त बसलंय! सोमवारी या कारखान्यावर, वरसभराचं बोलू!"

आईने झारा खाली टाकून वहिनीला मिठी मारली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडल्या, आणि मध्येच आई म्हणाली, "पुऱ्या तळायच्या राहिल्या!"

काका खाली गेले. आपला पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या सिस्टीमवर सोडला. या वेळी तो मध्येच मेला नाही. 'मागची आवृत्ती परत आणत आहोत' असं लिहून ठिपके फिरवत बसला. वहिनीला आता घाई नव्हती. काकांनी पुठ्ठा पिनेला परत बांधला आणि आईला सांगितलं, "टेंपो उलटा फिरलाय. माहेरी पोचंस्तवर हात लावायचा नाय." जेवणं झाली, श्रीखंड संपलं, आणि तीनला दहा कमी असताना स्क्रीनवर वहिनीचं जुनं चित्र आलं, विंडोज दहा, सगळी फोल्डरं आपापल्या जागी. आईने लांबूनच हात जोडले.

आमच्या आळीत तेवीस घरं आहेत. मी सोनं वाटते ते पळत, दारातूनच पान फेकून, आणि सहाला निघाले की सव्वासहाला देवीपाशी नाचायला हजर असते. त्या दिवशीही सहालाच निघाले, सहदेवकाकांच्या शेजारून. पहिल्या घरापाशी काका थांबले, उंबरा बघितला, चपला काढल्या, सरळ लावल्या, आत गेले, पान दिलं, बसले. चहा घेतला. दुसऱ्या घरी परत उंबरा बघितला. आम्ही नवव्या घरी असताना मिरवणूक समोरून गेली, बेंजो, गुलाल, माझ्या सगळ्या मैत्रिणी मला हाका मारत नाचत होत्या, आणि मी वाघ्याच्या ओटीवर काकांच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. काका बशीतला चहा फुंकत होते, आणि अजून चौदा घरं बाकी होती.